विहिरीतली जोडी

माझ्या खेळाचं नाव सांगितलं की आमच्या भागातली माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग आभाळाकडे. बीड जिल्ह्यात वॉटर पोलो. त्यातही चौसाळ्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर, जिथं मे महिन्यात टँकरपुढं घागरी लावायला मी स्वतः उभा राहिलोय. एका पाहुण्यांनी तर मला सरळ विचारलं होतं, की पाणी आटलं तर तुमची मॅच धुळीत घेतात का. अशा चेष्टेचा मला राग येत नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. येतो. माझा राग पहिल्यापासून नाकावर, आणि बहुतेक त्यामुळेच हा खेळ मला मानवला असावा.

पप्पांचं हायवेला लागून हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी, भज्यांची कढई, चहा आणि दुपारी उसळ-भाकरी. गिऱ्हाइकांना माझ्याबद्दल सांगायची त्यांना भारी हौस, पण हा खेळ नेमका काय ते त्यांना कधीच नीट सांगता आलं नाही. "पाण्यातला हँडबॉल" एवढं म्हणून ते भजी उलटायला लागायचे. त्यांना स्वतःला पाण्याची भीती होती. विहिरीच्या कठड्याला ते कधी टेकून उभे राहिले नाहीत. मोटारीत बिघाड झाला की मेकॅनिकला खाली पाठवायचे आणि स्वतः दहा हात लांब उभं राहून त्याला सूचना द्यायचे. सगळी वस्ती त्यांना त्यावरून चिडवायची, आणि ते हसून घ्यायचे.

आम्हाला पोहायला शिकवलं नानांनी. नाना म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. एकाच घरात एक भाऊ असा आणि दुसरा तसा कसा निघाला, हे कोडं आजीलाही सुटलं नव्हतं म्हणे. आमची विहीर काळ्या कातळात सुरुंग लावून खोदलेली, पाणी प्यायला मचूळ पण उन्हाळ्यातही खोल राहणारं, एका अंगाला पायऱ्या आणि बाकी तिन्ही बाजू सरळसोट. धरायला काही नाही, आणि पायरीला हात लावलेला नानांना खपायचा नाही. दमलास तर हळू पाय मार, अजून दमलास तर अजून हळू मार, असं त्यांचं शिक्षण. त्यामुळे पाण्यात तासभर उभ्याउभ्या तरंगत राहायचं आणि तेवढ्यात गप्पा, भांडणं, पाढे सगळं उरकायचं, ही माझ्या आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या दृष्टीनं साधी गोष्ट होती. बाकी जगाला ती जमत नाही हे आम्हाला खूप उशिरा कळलं.

नानांचा नियम एकच होता. विहिरीत जोडी घेऊनच उतरायचं आणि जोडी घेऊनच वर यायचं. एकट्यानं पाण्यात पाय घालायचा नाही. जोडीदार पाण्याखाली दिसला, की हातात काय असेल ते सोडायचं आणि आधी त्याला वर काढायचं. तो मुद्दाम गेलाय की खरंच, हे नंतर विचारायचं. हा नियम मोडला म्हणून मला एकदा अख्खा उन्हाळा काठावर बसवलं होतं. ह्या नियमामागे कधी काय घडलं होतं, ते नानांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

माझी जोडी म्हणजे ही बहीण. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा जास्त हट्टी. एका बाजूच्या कातळावर तिनं कोळशानं चौकट काढली होती, ती तिचा गोल. मी पलीकडून प्लास्टिकचा चेंडू मारायचो आणि ती पाण्यातून कंबरेपर्यंत वर उसळून तो अडवायची. दर पावसाळ्यात चौकट पुसली जायची आणि दर दिवाळीला ती पुन्हा काढायची, आधीपेक्षा थोडी लहान. मी विचारलं तर म्हणायची, "तुझा नेम सुधरावा म्हनून."

अकरावीला मी एसटीनं बीडला जायला लागलो. तिथं पोहण्याच्या तलावावर एक सर होते. त्यांच्या असं लक्षात आलं होतं, की जिल्ह्यातून वॉटर पोलोचा संघ कुणी पाठवतच नाही. म्हणजे सात पोरं आणि वर चार राखीव अशी अकरा डोकी जमली, की जिल्ह्यात जिंकायची भानगड नाही, थेट विभागात. त्यांनी पोरं गोळा केली. पहिल्या दिवशी सगळ्यांना खोल बाजूला नेलं आणि दोन्ही हात वर करून तरंगायला सांगितलं. पोरं एकेक करून कडेला चिकटली. मी हात वर करून शेजारच्या पोराशी कालच्या पेपराबद्दल बोलत राहिलो. सरांनी विचारलं, कोच कोण तुझे. मी म्हणालो, आमचे नाना. सरांना वाटलं असतील कुणी मोठे, त्यांनी मान डोलावली.

आमचा गोल तुषार सिंचनाच्या पाइपांचा होता आणि त्याची जाळी म्हणजे शेडनेट. तो तरंगावा म्हणून त्याला रिकामे कॅन बांधलेले. तलावाची अर्धी बाजू उथळ होती, त्यामुळे आमचा निम्मा संघ निम्मा वेळ जमिनीवर उभा राहूनच खेळायचा. विभागाच्या स्पर्धेत दोन्हीकडे खोल पाणी मिळालं आणि व्हायचं तेच झालं. आमच्यावर इतके गोल झाले की सरांनी मोजायचं सोडून दिलं. आमच्या बाजूनं जे काही थोडे झाले ते सगळे मी केले होते, हे मात्र मी मोजलं होतं.

तिथं पुण्याच्या एका कॉलेजचे प्रशिक्षक आले होते. मॅच संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या कॉलेजात खेळाडूंसाठी जागा असतात, वसतिगृह मिळतं आणि कॉलेजचा स्वतःचा तलाव आहे, असं त्यांनी सांगितलं. अट एकच. राज्याच्या संघात निवड झालेली पाहिजे, त्याच्या प्रमाणपत्राशिवाय त्यांना काही करता येणार नव्हतं. मी त्यांना फक्त एवढंच विचारलं, की तलाव कुठल्या बाजूनं खोल आहे. ते म्हणाले, सगळीकडून. त्या क्षणापासून मला दुसरं काही नको होतं. इतकं सरळ काहीतरी हवं असणं मी त्याआधी अनुभवलं नव्हतं, आणि त्याचा आनंदही होता आणि भीतीही.

घरी पप्पांचं म्हणणं होतं अंबाजोगाई. तिथं कॉलेजं चांगली, निम्मे पाहुणे तिथंच, आणि शनिवारी पोरगं घरी. ते पुण्याला नाही म्हणाले नाहीत. निवड झाली तर जा, नाही झाली तर अंबाजोगाईला बी.एस्सी. कर, असं ठरलं. हे सगळं बोलणं चाललेलं असताना बहीण भाकरी करणाऱ्या आईजवळ बसून ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, "भैय्या गेला तर मी कुनासंगं उतरू विहिरीत?"

वस्तीवरच्या दुसऱ्या मुली विहिरीत उतरत नव्हत्या, चुलत भाऊ नोकरीला लागून गेले होते, आणि नानांचे गुडघे आता पायऱ्या उतरू देत नव्हते. आईनं तिला पीठ मळायला लावलं आणि विषय तिथंच थांबला. मला त्या प्रश्नाचा राग आला होता.

निवड चाचणी पुण्यात झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढं निळं पाणी बघितलं. चाचणी म्हणजे संघ पाडून मॅच लावली होती, आणि काठावर निवड करणारे तिघं वह्या घेऊन बसले होते. पहिल्या भागात मी चांगला खेळलो. दोन गोल केले, एक चेंडू हिसकावला. वहीवाल्यांपैकी एकानं माझ्या टोपीचा नंबर लिहून घेताना मी बघितला. दुसऱ्या भागात चेंडू माझ्या हातात होता, समोर गोल जवळपास मोकळा होता, आणि मला अडवायला नेमलेला उंच पोरगा माझ्या शेजारी एकदम पाण्याखाली गेला.

मी चेंडू सोडला. विचार केलाच नाही. डुबकी मारली, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला खसकन वर काढला.

तो मुद्दाम खाली गेला होता. खालून माझी चड्डी ओढायला. ह्या खेळात ते सर्रास चालतं, पंचाला दिसलं नाही म्हणजे झालं. वर आल्यावर तो खोकत माझ्याकडे असा बघत होता की काय येडा माणूस आहे हा. तेवढ्यात माझा सोडलेला चेंडू त्यांच्या पोरानं उचलला, आणि पलीकडे आमच्यावर गोल झाला. वर पंचानं शिट्टी मारून मलाच बाहेर काढलं, कारण चेंडू हातात नसलेल्या खेळाडूला धरून ओढणं हा फाउल. काठावर हशा पिकला. मी बाहेर जाऊन कोपऱ्यात थांबलो तेव्हा रागानं माझे कान तापले होते, आणि तो राग त्या पोरावर नव्हता. तो नानांवर होता.

संध्याकाळी नावं वाचली. माझं नव्हतं. पुण्याचे प्रशिक्षक येऊन म्हणाले, की पुढच्या वर्षीही तुझं वय बसतं, पण ही सवय गेली पाहिजे. मी हो म्हणालो आणि एसटी पकडली.

मला वाटलं होतं पप्पांना आतून बरं वाटेल. हॉटेलवर उतरलो तर त्यांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. चहा दिला, गिऱ्हाईक जाऊ दिलं आणि मग सगळं नीट विचारून घेतलं. मी सांगितल्यावर त्यांनी कढईतली भजी उलटली आणि म्हणाले, "कावून सोडला चेंडू, हे मला कळतंय. पर तुला पुन्हा एकदा जावं लागन." अंबाजोगाईचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही. ते आठ दिवसांनी मीच काढलं, आणि तिथं प्रवेश घेतला.

अंबाजोगाईचं वर्ष वाईट गेलं असं मला मुळीच म्हणता येणार नाही. खोलीवर दोन मित्र मिळाले, रसायनशास्त्र चक्क आवडलं, आणि दर शनिवारी मी घरी असायचो. शनिवार-रविवार विहीर. बहिणीनं आता माझी ती सवय मोडायचं मनावर घेतलं होतं. मी चेंडू उचलला की ती मुद्दाम बुडी मारायची आणि मी चेंडू सोडला की वर येऊन शिव्या द्यायची. काठावर बसलेल्या नानांना हे कळलं तेव्हा ते इतके तापले की काठी घेऊन उभे राहिले. आपल्या विहिरीत आपला नियम मोडायची शिकवणी चाललेली त्यांना कशी सहन होणार? मीही तापलो. तुमच्या ह्या नियमापायी माझं कॉलेज गेलं, असं मी त्यांना पाण्यातून ओरडून सांगितलं. मोठ्या माणसाशी असं बोललो ह्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या शनिवारी नाना आमच्या आधीच काठावर येऊन बसले होते. बहिणीला म्हणाले की मार बुडी, आणि मग मला म्हणाले, "ती खाली जाताना तिचे डोळे बघ." मी बघितले. पुन्हा तेच, पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या वेळी त्यांनी विचारलं, कुठं बघत होती ती? मी म्हणालो, चेंडूकडे.

"मंग सोडू नको," नाना म्हणाले. "खेळनाऱ्याची नजर कशावर तरी असती. बुडनाऱ्याची कशावरच न्हाई. मी बघितलीय."

एवढंच. इतकी वर्षं मी ज्याबद्दल विचारलं नव्हतं ते त्यांनी तेवढ्या तीन वाक्यांत सांगून टाकलं, आणि लगेच पोटात दुखतंय म्हणून घराकडे निघाले. आम्ही दोघं पाण्यात तसेच तरंगत राहिलो. मला त्यांच्या पाठीमागे धावत जावंसं वाटलं, पण जोडी सोडून वर जाता येत नव्हतं.

त्यानंतर वर्षभर आम्ही तेच केलं. चेंडू हातात, शेजारी बुडी, आधी डोळे बघायचे, मग ठरवायचं. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. सुरुवातीला मला वेळ लागायचा आणि गोल हुकायचा. पाऊस झाला, विहीर भरली, पाणी गढूळ होऊन पुन्हा निवळलं, आणि कधीतरी हिवाळ्यात असं झालं की बघणं आणि चेंडू मारणं ही दोन कामं राहिलीच नाहीत.

दुसऱ्या चाचणीत दुसऱ्याच एका पोरानं तेच केलं. मी त्याचे डोळे बघितले. ते चेंडूवर होते, अगदी लबाड. मी चेंडू मारला, गोल झाला, आणि मग मान वळवून तो वर आलाय ना तेवढं पाहिलं. संध्याकाळी नावं वाचली तेव्हा तेरा जणांच्या यादीत माझं नाव बाराव्या नंबरावर होतं. मी पप्पांना फोन केला तर त्यांना ऐकू येईना, मागे ट्रकचे हॉर्न. शेवटी मला रस्त्यात उभं राहून ओरडून सांगावं लागलं. फोनवर पलीकडून बाकड्यांवरच्या माणसांचा गलका आला, आणि मला कळलं की त्यांनी सगळ्यांना फुकट भजी जाहीर केली आहेत.

पुण्याला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. एक वर्ष वाया गेलं असं पाहुणे म्हणाले, मला तसं वाटलं नाही. वसतिगृहात पहाटे उठून तलावावर जाणं, सगळीकडून खोल पाणी, खरे गोल, आणि नाष्ट्याला सहा अंडी. मी सुखात होतो. पण निघायच्या दिवशी बहिणीनं माझी बॅग भरून दिली, फाटकापर्यंत आली आणि विहिरीबद्दल एक अक्षर बोलली नाही, हे माझ्या मनातून जात नव्हतं. फोनवर मी तिला अभ्यासाचं विचारायचो, आईचं विचारायचो. उतरतेस का, हे विचारायची माझी हिंमत व्हायची नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्याची किंमत तिनं दिली होती. तिच्याइतकी चांगली गोलकीपर मला पुण्यातही अजून दिसली नव्हती, आणि ती मात्र तिकडे कोरडी बसली असणार.

दिवाळीला न सांगता घरी गेलो. दुपारचे चार वाजले असतील. हॉटेलवर उतरलो तर गल्ल्यावर शेजारचा पंक्चरवाला बसलेला. पप्पा कुठं म्हणून विचारलं तर तो हसला आणि शेताकडे हात केला. ह्या वेळेला पप्पा कधी हॉटेल सोडत नाहीत. बॅग तिथंच टाकून मी बांधाबांधानं पळत निघालो.

लांबूनच नानांचा आवाज ऐकू आला. कुणाला तरी शिव्या घालत होते. जवळ जाऊन कठड्यावरून वाकून बघितलं.

पाण्यात बहीण होती, कोळशाच्या चौकटीपुढं. आणि तिच्या समोर, ट्रकच्या टायरच्या ट्यूबमध्ये काखेपर्यंत अडकलेले, बनियन घातलेले, डोळे गच्च मिटलेले पप्पा. त्यांच्या कमरेला बांधलेला दोर पायरीवरच्या लोखंडी कड्यातून नानांच्या हातापर्यंत आला होता. एका हातानं त्यांनी ट्यूब आवळून धरली होती आणि दुसऱ्या हातानं, डोळे न उघडताच, ते तिच्याकडे चेंडू फेकत होते. चेंडू तिच्यापासून चार हात लांब जात होता. ती पोहत जाऊन आणत होती, पुन्हा त्यांच्या हातात देत होती, आणि नाना वरून ओरडत होते, की पाय मार, पाय मार, तुझ्या पायाला मेंदी लागलीय का.

मला बघून नानांनी सांगितलं, की मी गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून हे चाललंय. रोज चार ते पाच. पहिले आठ दिवस पप्पा नुसते शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात बसून थरथरत होते.

माझा आवाज ऐकून पप्पांनी एक डोळा उघडला. "हिला जोडी पायजे ना," ते दात आवळून म्हणाले. "मला अजून हिला वर काढता येत न्हाई. पर हिनं मला दोनदा काढलंय."

मी शर्टाची बटणं काढायला लागलो. आता मी आलोय, आता पप्पांनी वर यावं, एवढंच मला सुचत होतं. बहिणीनं खालून माझ्याकडे बघितलं. ह्या तीन-चार महिन्यांत ती दंडानं चांगलीच भरली होती.

"भैय्या, तू काठावरच थांब," ती म्हणाली. "पाच वाजेपर्यंत पप्पा माझी जोडी हायती."

मी बटणं पुन्हा लावली आणि नानांच्या हातातला दोर धरून त्यांच्या शेजारी बसलो.